नॉव्हूची सनद

अमेरिकेच्या इलिनॉय प्रांतांत मिसिसिपी नदी एके ठिकाणीं मोठें वळण घेते. त्या वळणाच्या कुशींत नॉव्हू नांवाचें एक लहानसें गांव आहे. आज तेथील वस्ती हजाराच्या आसपास. परंतु १८४५ सालच्या प्रांतिक खानेसुमारींत त्याच गांवांत सुमारें ११ हजार माणसें मोजलीं गेलीं होतीं, आणि त्या वेळचें शिकागो शहरहि त्याहून फारसें मोठें नव्हतें. सहा वर्षांत दलदलींतून उभें राहिलेलें आणि पुढच्याच वर्षीं ओस पडलेलें असें हें नगर. त्याच्या घरादारांपेक्षां त्याच्या कारभाराची हकीकत आम्हांस अधिक विचारणीय वाटते, म्हणून या महिन्यांत तीच वाचकांपुढें ठेवीत आहों.

नगर वसविणारे लोक मॉर्मन पंथाचे. जोसेफ स्मिथ यानें हा पंथ १८३० मध्यें न्यूयॉर्क प्रांतांत स्थापिला. अनुयायी त्याला ईश्वराचा प्रेषित मानीत. त्यांच्या धर्ममतांची चर्चा करण्याचें येथें प्रयोजन नाहीं. ध्यानांत ठेवावयाचें तें एवढेंच कीं, हे लोक एकत्र राहात, एकत्र जमीन घेत आणि मतेंहि एकगठ्ठा देत. त्यामुळें ते जेथें जात तेथें शेजारी प्रथम त्यांचें कौतुक करीत आणि मग त्यांना भीत. मिसूरी प्रांतांत हें भय विकोपास गेलें. त्या प्रांताचा गव्हर्नर लिलबर्न बॉग्ज यानें २७ ऑक्टोबर १८३८ रोजीं हुकूम काढला कीं, मॉर्मनांना शत्रु समजून प्रांताबाहेर हांकलावें अथवा नामशेष करावें. तीन दिवसांनीं हॉन्स मिल या त्यांच्या वस्तीवर हल्ला होऊन १७ जण मारले गेले. हा हुकूम मिसूरीच्या दप्तरांतून रीतसर रद्द व्हावयास १९७६ साल उजाडावें लागलें! स्मिथवर राज्यद्रोहाचा आरोप आला. लिबर्टी गांवच्या तुरुंगांत त्यानें हिंवाळा काढला आणि १८३९ च्या एप्रिलांत पहाऱ्यांतून निसटून तो नदीपलीकडे इलिनॉयमध्यें आपल्या निर्वासित लोकांस मिळाला.

तेथें कॉमर्स नांवाचें एक मोडकें खेडें होतें. जमीन स्वस्त होती, कारण ती चिखलाची होती. पहिल्या एकदोन उन्हाळ्यांत हिंवतापानें घरोघर माणसें अंथरुणास खिळलीं. चर खणून पाणी नदींत काढलें, चौकोनी आळ्या आंखल्या, प्रत्येक घराला भाजीपाल्यापुरतें आवार ठेवलें आणि गांवाचें नांव नॉव्हू असें बदललें. हिब्रू भाषेंत त्याचा अर्थ सुंदर असा होतो.

आतां सनदेची गोष्ट. १८४० च्या पावसाळ्यानंतर जॉन बेनेट नांवाचा एक डॉक्टर नॉव्हूस आला. इलिनॉयच्या फौजेंत तो सामानखात्याचा प्रमुख होता. बोलण्यांत गोड, अर्ज-मसुदे करण्यांत पटाईत आणि मोठ्यांच्या ओळखीपाळखीचा. त्यानें स्प्रिंगफील्ड येथें जाऊन प्रांतिक कायदेमंडळाकडून नगराची सनद मिळविली. तिला १६ डिसेंबर १८४० रोजीं मंजुरी मिळाली. व्हिग आणि डेमोक्रॅट या दोन्ही पक्षांना मॉर्मनांचीं मतें हवीं होतीं, तेव्हां कोणींच फारशी विचारपूस केली नाहीं. तरुण अब्राहाम लिंकन त्या वेळीं कायदेमंडळाचा सभासद होता. त्यानेंहि सनदेच्या बाजूनें मत दिलें व नंतर जवळ येऊन आपलें अभिनंदन केलें, असें बेनेटनें लिहून ठेविलें आहे.

त्या सनदेंत काय होतें? एक नगराध्यक्ष, ४ आल्डरमन व ९ सभासद यांची नगरसभा. प्रांताच्या व संयुक्त संस्थानांच्या राज्यघटनेस विरुद्ध नसतील ते सर्व नियम करण्याचा तिला अधिकार. नगराचें स्वतःचें न्यायालय, त्याचा मुख्य न्यायाधीश नगराध्यक्ष व इतर न्यायाधीश आल्डरमन. 'नॉव्हू लीजन' नांवाची स्वतःची पलटण. आणि शिवाय एक विद्यापीठ. यांतील बहुतेक कलमें कोठें ना कोठें पूर्वीं दिलेलीं होतीं. नियम करण्याचे अधिकार स्प्रिंगफील्डच्या सनदेवरून घेतले होते, नगरन्यायालयाचे अधिकार आल्टन शहरालाहि होते. परंतु निरनिराळ्या ठिकाणचे निरनिराळे अधिकार एकाच कागदावर आणि मुख्यतः एकाच माणसाच्या हातीं आले, हें मात्र नवीन होतें. शिवछत्रपतींनीं सेनापति, न्यायाधीश आणि अमात्य अशीं निरनिराळीं आसनें कां मांडलीं, हें आमच्या वाचकांना सांगावयास नको. नॉव्हूंत आसनें तीन असलीं तरी बसणारा एकच असें होऊं शकत होतें, आणि तसेंच झालें.

तरीहि आरंभ पाहतां कोणासहि वाईट वाटावें असें त्यांत कांहीं नव्हतें. १८४१ च्या फेब्रुवारींत पहिली निवडणूक होऊन बेनेट नगराध्यक्ष झाला. नगरसभेचे पहिले नियम वाचले म्हणजे समाधान वाटतें. एकानें दारूच्या किरकोळ विक्रीस आळा घातला. दुसरा, १ मार्चचा, सर्वधर्मसहिष्णुतेचा: कॅथॉलिक, प्रेस्बिटेरिअन, मेथॉडिस्ट, बाप्टिस्ट, क्वेकर इतकेंच नव्हे तर मुसलमानांचेंहि नांव घालून सर्व पंथांना नगरांत सारखी मोकळीक दिली, आणि कोणाच्या धर्माची निंदा वा छळ करील त्यास ५०० डॉलरपर्यंत दंड अथवा सहा महिन्यांपर्यंत कैद ठेवली. मिसिसिपीच्या कांठीं त्या काळीं मुसलमान कोठून येणार? परंतु जे लोक स्वतः धर्मासाठीं मार खाऊन आले, त्यांना ही यादी लांबच लांब करावीशी वाटली, यांत नवल नाहीं.

बेनेटचें प्रकरण फार दिवस टिकलें नाहीं. त्याच्या वर्तनाविषयीं, विशेषतः स्त्रियांच्या बाबतींतील, तक्रारी आल्या. १७ मे १८४२ रोजीं त्यानें राजीनामा दिला, पंथानें त्यास बहिष्कृत केलें, आणि त्यानेंहि त्याच वर्षीं पंथाचीं उणींदुणीं काढणारें एक मोठें पुस्तक छापून सूड उगवला. राजीनाम्यानंतर दोनच दिवसांनीं नगरसभेनें जोसेफ स्मिथ यास नगराध्यक्ष निवडलें. त्याचा वडील बंधु हायरम उपाध्यक्ष झाला.

आतां या एका माणसाकडे काय काय होतें पाहा. पंथाचा तो अध्यक्ष व प्रेषित. पंथाच्या सर्व मालमत्तेचा विश्वस्त. लीजनचा लेफ्टनंट जनरल. नगराध्यक्ष म्हणून नगरसभेचा प्रमुख आणि म्हणूनच नगरन्यायालयाचा मुख्य न्यायाधीश. १८४२ मध्यें कांहीं महिने तो नगरांतील वृत्तपत्राचा संपादकहि होता, आणि पुढच्या वर्षीं त्यानें आपल्या घराचें उतारूगृह केलें. पंथाची जमीन तोच विकी. अशा गांवांत कोणाला तक्रार करावयाची झाल्यास ती कोणाकडे करावी? नगराध्यक्षाविरुद्ध न्यायाधीशाकडे जावें तर तोच. न्यायाधीशाविरुद्ध वर्तमानपत्रांत लिहावें तर तेंहि त्याच्याच मंडळींचें. आणि सर्वांवर कळस म्हणजे धर्मगुरूकडे गाऱ्हाणें न्यावें तरी तोच दार उघडणार.

तो दुष्ट होता असें आम्हीं म्हणत नाहीं. त्याच्या पाठीशीं मिसूरीचें भय होतें आणि तें खोटें नव्हतें. मे १८४२ मध्यें माजी गव्हर्नर बॉग्जवर कोणी अज्ञात माणसानें गोळी झाडली. तो वांचला, पण संशय स्मिथवर आला आणि मिसूरीनें त्याला ताब्यांत मागितलें. येथें 'हेबिअस कॉर्पस' नांवाच्या इंग्रजी कायद्यांतील जुन्या हक्काचा संबंध येतो. कोणासहि अटक झाली असतां, अटक कायदेशीर आहे कीं नाहीं हें न्यायाधीशापुढें तपासून घेण्याचा तो हक्क. नॉव्हूच्या सनदेनें हा अधिकार नगरन्यायालयास दिला होता, परंतु नगराच्या स्वतःच्या नियमांखालीं उद्भवणाऱ्या प्रकरणांपुरताच. नगरसभेनें जुलै १८४२ मध्यें नियम केला कीं, कोणत्याहि वॉरंटानें नगराच्या रहिवाशास बाहेर नेण्यापूर्वीं नगरन्यायालयानें चौकशी केली पाहिजे. म्हणजे सनदेंत अंगणापुरतें दिलेलें कुंपण ओढून ओढून प्रांताच्या सीमेपर्यंत नेलें!

आणि याची गरज होती काय? १८४३ च्या जानेवारींत स्मिथ स्प्रिंगफील्डला जाऊन मध्यवर्ती सरकारच्या न्यायालयापुढें उभा राहिला आणि न्यायमूर्ति नॅथॅनिअल पोप यांनीं मिसूरीची मागणी सदोष ठरवून त्यास मुक्त केलें. ते मॉर्मन नव्हते, नॉव्हूचे नव्हते, त्यांना स्मिथकडून कांहीं मिळावयाचें नव्हतें. म्हणूनच त्या निकालावर कोणास बोट ठेवतां आलें नाहीं. परंतु त्याच वर्षीं जूनमध्यें जुन्या राज्यद्रोहाच्या आरोपावरून स्मिथला डिक्सन गांवाजवळ पकडलें, तेव्हां त्याचे लोक त्याला नॉव्हूंत घेऊन आले आणि १ जुलैला त्याच्याच नगरन्यायालयानें त्याला सोडून दिलें. त्या दिवशीं तो स्वतः न्यायासनावर बसला नाहीं, हें खरें. पण जे बसले ते त्याचेच आल्डरमन. दोन्ही निकालांत माणूस सुटलाच. पहिल्यानें त्याची अब्रू वांचली आणि दुसऱ्यानें शेजाऱ्यांचा विश्वास गेला. डिसेंबरांत तर नगरसभेनें असाहि नियम केला कीं, मिसूरीच्या जुन्या आरोपावर स्मिथला पकडावयास जो कोणी येईल त्याला जन्मठेप द्यावी, आणि नगराध्यक्षाच्या संमतीवांचून गव्हर्नरनेंहि त्यास क्षमा करूं नये. हा नियम दोन महिन्यांत मागें घेतला. पण सोडलेला बाण भात्यांत परत येत नाहीं. भोंवतालच्या वॉर्सॉ आणि कार्थेज गांवांत तो घरोघर वाचला गेला.

पुढचा घाव घरांतूनच आला. विल्यम लॉ हा पंथाच्या अध्यक्षमंडळांतील माणूस, स्मिथचा उजवा हात. बहुपत्नीत्वाची चाल वरिष्ठ मंडळींत गुप्तपणें चालू आहे, हें कळल्यावर तो फुटला. त्यानें व त्याच्या मित्रांनीं छापखाना आणून ७ जून १८४४ रोजीं 'नॉव्हू एक्स्पॉझिटर' नांवाच्या पत्राचा पहिला अंक काढला. त्या पत्राची मागणी तीन शब्दांत सांगतां येईल: सनद रद्द करा. अंक एकच निघाला.

नगरसभा ८ आणि १० जूनला बसली. या दोन बैठकींची हकीकत कोणाहि सभासदानें, मग तो नगरसभेचा असो वा एखाद्या वाचनालयाच्या कार्यकारी मंडळाचा, मन लावून वाचावी अशी आहे. ज्याच्यावर पत्रानें आरोप केले तो नगराध्यक्ष अध्यक्षस्थानीं. तोच साक्षीदार, तोच वक्ता. पत्राच्या चालकांस बोलावलें नाहीं. ब्लॅकस्टनच्या प्रसिद्ध कायदेग्रंथांतून 'उपद्रव' म्हणजे काय तें वाचून दाखविण्यांत आलें: दुर्गंधीचा उकिरडा जसा सार्वजनिक उपद्रव आणि तो उचलून टाकण्याचा जसा अधिकार, तसा हा छापखाना. सबंध सभेंत बेंजामिन वॉरिंग्टन या एकाच सभासदानें निराळा सूर काढला. तो कोणत्याच पंथाचा नव्हता. पत्र वाईट आहे हें त्यालाहि मान्य. पण चालकांचें म्हणणें ऐकल्याशिवाय हें करणें कठोर होईल, त्यांना थोडी मुदत द्यावी, प्रत्येक निंदेबद्दल ३ हजार डॉलर दंड ठेवावा, असें तो म्हणाला. त्याचें कोणीं ऐकलें नाहीं. त्याच सायंकाळीं नगरमार्शल माणसें घेऊन गेला, यंत्र फोडलें, खिळे रस्त्यावर विखुरले आणि कागद जाळले.

कायद्याच्या दृष्टीनें याचा निवाडा पुढें १९६५ मध्यें डॅलिन ओक्स या कायद्याच्या प्राध्यापकानें केला. तो स्वतः मॉर्मन, पुढें त्या पंथाचा वरिष्ठ नेता झाला. त्याच्या मतें त्या काळच्या कायद्यानुसार छापलेले अंक नष्ट करण्यास कांहीं आधार दाखवितां येतो. छापखाना फोडण्यास मात्र येत नाहीं. आमच्या मतें कायद्याच्या आधीं एक साधा प्रश्न होता. स्वतःच्या निंदेचा न्याय स्वतः करूं नये, हें वर्गांतील मॉनिटरलाहि समजतें. स्मिथनें ८ जूनला खुर्ची सोडून बाहेर जाऊन बसावें एवढें जरी कोणीं सुचविलें असतें! पण सुचविणार कोण? त्या खोलींत बहुतेक प्रत्येकजण त्याचा शिष्य होता.

दंगा केल्याच्या आरोपावरून कार्थेजहून वॉरंट आलें. १२ जूनला नगरन्यायालयानें स्मिथला सोडलें. १३ जूनला स्मिथनें मुख्य न्यायाधीश म्हणून बसून आपल्या सहआरोपींना सोडलें. मग पंथाबाहेरचा म्हणून डॅनिअल वेल्स या जस्टिस ऑफ दि पीसपुढें १७ जूनला पुन्हां चौकशी करविली. त्यानेंहि निर्दोष ठरविलें. परंतु हा वेल्स नॉव्हूचाच आल्डरमन होता, त्यामुळें बाहेर त्या निकालाची किंमत कोणीं केली नाहीं. गांवोगांव माणसें शस्त्रें घेऊन जमूं लागलीं. १८ जूनला स्मिथनें नगरांत लष्करी कायदा पुकारला आणि लीजन उभी केली. गव्हर्नर टॉमस फोर्ड कार्थेजला आला, त्यानें संरक्षणाचें वचन दिलें, लीजनकडील सरकारी हत्यारें परत मागवून घेतलीं, आणि स्मिथ बंधु स्वाधीन झाले. दंग्याच्या आरोपाला जामीन मिळाला. पण लष्करी कायदा पुकारणें हा राज्यद्रोह, असा नवा आरोप ठेवून त्यांना तुरुंगांत घातलें. २७ जूनला फोर्ड नॉव्हूंत लोकांना उपदेश करीत होता, त्याच दुपारीं तोंडाला काळें फांसलेल्या जमावानें कार्थेजचा तुरुंग फोडून जोसेफ आणि हायरम या दोघांना गोळ्या घातल्या. पांच जणांवर खटला झाला व मे १८४५ मध्यें पांचहि सुटले. सरकारी वचनाची ही शोभा!

एका माणसाच्या मृत्यूनें नगराचीं किती आसनें एकदम रिकामीं झालीं याचा विचार करा. ८ ऑगस्ट १८४४ रोजीं झाडींतल्या मोकळ्या जागेंत हजारों लोकांची सभा भरली. एकीकडे सिड्नी रिग्डन, दुसरीकडे ब्रिगॅम यंग व बारा जणांचें मंडळ. लोकांनीं बारा जणांच्या बाजूनें हात वर केले आणि खरी सत्ता तेथें बदलली. नगराध्यक्षाची जागा त्याच महिन्यांत डॅनिअल स्पेन्सर यास देण्यांत आली; पण इतिहासकारहि तें नांव एका ओळींत उरकतात.

यापेक्षां अवघड प्रश्न घरांत होता. पंथाची मालमत्ता स्मिथच्या नांवावर विश्वस्त म्हणून, आणि स्वतःचीहि त्याच्याच नांवावर. कोणती जमीन पंथाची, कोणती मुलांची, कर्ज कोणाचें? एकत्र कुटुंबांत कर्त्या पुरुषाच्या वहींत सर्वांचें सर्व लिहिलेलें असतें आणि तो एकाएकीं गेल्यावर काय गोंधळ होतो, हें आमच्या वाचकांपैकीं कित्येकांनीं जवळून पाहिलें असेल. विधवा एमा त्या वेळीं गरोदर होती. नोव्हेंबरांत तिला मुलगा झाला. यंग आणि ती यांच्यांत या हिशेबावरून वितुष्ट आलें तें कायमचें. पंथ पश्चिमेकडे गेला तेव्हां ती त्याच्याबरोबर गेली नाहीं.

जानेवारी १८४५ मध्यें कायदेमंडळानें सनद रद्द केली. दिली तेव्हां जशी न वाचतां दिली, तशीच घेतांना मागें काय उरेल हें न पाहतां घेतली. ११ हजारांच्या गांवांत एका रात्रींत नगरसभा नाहीं, नगरन्यायालय नाहीं, पोलिस नाहीं, पलटण नाहीं. फेब्रुवारींत डॅनिअलचा भाऊ ऑर्सन स्पेन्सर याला नगराध्यक्ष निवडण्यांत आलें, पण ज्या पदाचा आधारच गेला त्यावर बसून तो काय करणार? एप्रिलांत एक चौरस मैलाचा भाग सामान्य कायद्याखालीं 'टाउन' म्हणून नोंदवून पंच नेमले. बाकी बंदोबस्त लोकांनीं आपल्या युक्तीनें केला. संशयित परका गांवांत आला कीं दहाबारा पोरें हातांत मोठे चाकू आणि काठ्या घेऊन, काठी तासत आणि शीळ घालीत, त्याच्या मागें-पुढें चालत. बोलावयाचें नाहीं, अंगाला हात लावावयाचा नाहीं. तो नावेंत बसेपर्यंत तासणें आणि शीळ चालू. वाचतांना हंसूं येतें. पण ज्या गांवाची अब्रू राखणें पोरांच्या शिळेवर आलें, त्या गांवांतील आयाबायांना रात्रीं झोंप कशी लागत असेल?

त्या सप्टेंबरांत आसपासच्या मॉर्मन वस्त्यांची घरें जाळण्यांत आलीं. नेत्यांनीं प्रांत सोडण्याचें कबूल केलें. ४ फेब्रुवारी १८४६ रोजीं पहिल्या गाड्या नदी ओलांडून गेल्या. मागें राहिलेल्या दुबळ्यांना सप्टेंबरांत तोफाबंदुकांनीं हांकललें. रिकामें मंदिर १८४८ मध्यें कोणीतरी पेटविलें.

पश्चिमेस सॉल्ट लेक येथें १८४७ पासून प्रथम धर्ममंडळच नगराचा कारभार पाहात असे. १८५१ च्या जानेवारींत त्या लोकांच्याच तात्पुरत्या कायदेमंडळानें नगराला सनद दिली. यंग नगराध्यक्षाच्या खुर्चींत स्वतः कधीं बसला नाहीं. पहिला नगराध्यक्ष जेडेडाया ग्रँट झाला व १८५६ मध्यें मरेपर्यंत राहिला. १८६६ ते १८७६ अशीं दहा वर्षें ती खुर्ची डॅनिअल वेल्स याच्याकडे होती. होय, तोच कार्थेजच्या वॉरंटाची चौकशी करणारा. १८४६ मध्यें त्यानें पंथाची दीक्षा घेतली होती. नगराध्यक्ष असतांना तो पंथाच्या अध्यक्षाचा सल्लागारहि होता आणि प्रांतिक पलटणीचा लेफ्टनंट जनरलहि. पलटणीचें नांव नॉव्हू लीजन हेंच ठेविलेलें होतें. ती १८८७ मध्यें वॉशिंग्टनच्या कायद्यानें मोडण्यांत आली. तीन वर्षांनीं, १८९० च्या फेब्रुवारींत, लोखंडी सामानाचा व्यापारी जॉर्ज स्कॉट हा सॉल्ट लेक सिटीचा पहिला बिगर-मॉर्मन नगराध्यक्ष निवडून आला, आणि १८९२ मध्यें मुदत संपल्यावर त्याच्या जागीं रॉबर्ट बास्किन हा वकील आला.